पाद्री पेटिफर खिडकीत लागतात

रेव्हरंड लुशियन पेटिफर यांना एक दुःख होतं. ते पापाचं नव्हतं, परलोकाचं नव्हतं, आणि स्लॅकहॅम गावातल्या ज्या माणसांचे आत्मे बिशपसाहेबांनी सही-शिक्क्यानिशी त्यांच्या हवाली केले होते, त्यांचंही नव्हतं. दुःख एवढंच होतं की सेंट जेम्स रस्त्यावरच्या क्रॉपबाईंच्या खिडकीत त्यांचं चित्र लागलं नव्हतं.

क्रॉपबाईंचं दुकान छापील व्यंगचित्रांचं. रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीच्या एकेका काचेत एकेक चित्र लावलेलं असे आणि बाहेर दिवसभर माणसांची दाटी. युवराजांचं पोट, जनरलसाहेबांचं नाक, नटीच्या टोपीवरची पिसं, सगळं तिथे टांगलेलं. लोक पोट धरून हसायचे, आणि ज्यांना हसायचे ते आधी चिडायचे, मग गुपचूप नोकर पाठवून आपल्याच चित्राच्या प्रती मागवायचे. ज्याची टिंगल त्या काचेत नाही तो माणूस लंडनात आहे की नाही, याचीच बड्या लोकांना शंका यायची.

पेटिफर रोज सकाळी फिरायला निघाले की त्या खिडकीपुढून एकदा जात आणि एकदा येत. पाद्री लोक खिडकीत नव्हते असं नाही. जेवणाच्या ताटात झोपलेले बिशप होते, कोल्ह्यामागे घोडा फेकताना प्रेतयात्रा उधळून देणारा पाद्री होता. पेटिफर मात्र कुठेच नव्हते.

बरं, त्यांनी कष्ट का कमी घेतले होते? पांढरा गळपट्टा मनासारखा बांधला जाईपर्यंत न्याहारी थंड होऊन जायची. कंबर बारीक दिसावी म्हणून आतून पट्टा आवळलेला, पोटऱ्या भरदार दिसाव्यात म्हणून मोज्यांत लोकर कोंबलेली. हातात दांडीचं भिंग, खिशात तपकिरीची डबी. त्या काळी तयार प्रवचनांचं एक दुकान होतं. तिथली प्रवचनं हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात छापलेली असत. वरच्या सज्जात बसलेल्या बायकांनी वाकून पाहिलं तरी त्यांना वाटावं, बिचाऱ्याने रात्र जागून लिहिलंय! पेटिफरांची सगळी प्रवचनं तिथलीच.

स्लॅकहॅमचं वतन त्यांना मामांच्या ओळखीने मिळालं होतं. नवा पाद्री पहिल्या दिवशी चर्चची घंटा स्वतः वाजवतो आणि जितके ठोके पडतील तितकी वर्षं तो गावात राहील, असं तिथली माणसं मानायची. पेटिफर दाट धुक्यात आले, दलदलीचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावूनच बग्गीतून उतरले, घंटेचा दोर मळका पाहून तो दोन बोटांनी एकदाच ओढला आणि आल्या पावली लंडनला परतले. बाप्तिस्मे, लग्नं, मयतं, रविवार, सगळं जॉब लस्क नावाचे नायब पाद्री पाहायचे. पेटिफर वतनाचं उत्पन्न खायचे, आणि लस्क जे उरेल त्यावर जगायचे.

आता मेफेअरमध्ये लेडी क्वारिंग्टन यांचं खासगी चॅपल रिकामं झालं होतं. आधीचे पाद्री कासवाच्या सूपावर ताव मारता मारता गेले. लंडनातलं ते सगळ्यात झोकदार चॅपल. गुबगुबीत बैठका, कोपऱ्यात शेगडी, आणि समोर बसायला अर्धी उमरावशाही. ती जागा मिळावी म्हणून पेटिफर बाईसाहेबांच्या दर गुरुवारच्या दुपारच्या चहाला न चुकता हजर असायचे.

अशाच एका गुरुवारी बाईसाहेब ओरडल्या, "पेटिफर, आडपडद्याला टेकू नका हं! तिथे माझी माणसं आहेत."

तो घडीचा लाकडी आडपडदा खाली-वर व्यंगचित्रांनी भरलेला होता. बाईसाहेब क्रॉपबाईंकडून चित्रं आणवून, कातरून, स्वतः खळ लावून त्यावर चिकटवायच्या.

"वा! जनरलसाहेबांचं नाक काय सुरेख आलंय!" पेटिफर म्हणाले. मग जरा हसून, जरा मान तिरकी करून, "आणि आम्ही कुठे, बाईसाहेब?"

"तुम्ही? तुम्ही नाही हो कुठेच." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज बाईसाहेब म्हणाल्या. "तेच तर म्हणते मी. चॅपलसाठी तुमचं नाव आलंय माझ्याकडे. आवाज बरा आहे, कपडे बरे आहेत. पण माझ्या चॅपलात लोक येतात ते कुणाला तरी बघायला. ज्याला खिडकीत कुणी लावत नाही, त्याला व्यासपीठावर लावून मी काय करू?"

"पण बाईसाहेब, माझं प्रवचन..."

"प्रवचन सगळ्यांचंच असतं. ईस्टरच्या आत या पडद्यावर या. मग बोलू."

पेटिफरांच्या हातातला चहा थंड झाला. थट्टा होत नाही म्हणूनही माणसाला रडू येऊ शकतं, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

दुसऱ्याच दिवशी ते क्रॉपबाईंच्या दुकानात शिरले. एका लांब टेबलाशी बायका ओळीने बसून चित्रं रंगवत होत्या. एक नुसता लाल लावायची, दुसरी नुसता निळा, आणि कागद पुढे सरकायचा. क्रॉपबाई आडव्या बांध्याच्या, विधवा, तोंडाने फटकळ. त्यांनी पाद्रीसाहेबांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काढायला आलात की लावायला?"

"म्हणजे?"

"अहो, माझ्याकडे दोनच तऱ्हेचे बडे लोक येतात. एक म्हणतात, बाई, माझं चित्र खिडकीतून काढा. दुसरे म्हणतात, लावा. तुमचं तर कुठलं चित्र नाही माझ्याकडे. तेव्हा लावायलाच आला असाल."

पेटिफरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ही गोष्ट बाहेर जायला नको, बाई."

"गेली तर धंदा बसेल माझा. वर जा. फिच आहे."

वरच्या खोलीत तेजाबाचा घसा धरणारा वास भरला होता. नॅथन फिच तांब्याच्या पत्र्यावर वाकून कुणाचं तरी टक्कल वाढवत होता. त्याने मान वर केली, पाहुण्याच्या भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "तुमची खूण काय, साहेब?"

"खूण?"

"कुणाचं पोट असतं, कुणाचं नाक, कुणाचे दात. लांबून ओळखू आलं पाहिजे ना. तुमचं काय?"

"माझा चेहरा रेखीव आहे, असं लोक म्हणतात," पेटिफर नम्रपणे म्हणाले.

"मग मेलो आम्ही! रेखीव चेहरा म्हणजे धुतलेली बशी. त्यात हसायचं कशाला?"

"ते तुम्ही पाहा. थट्टा हवी तशी करा, मी रागावणार नाही. फक्त कंबर बारीक ठेवा. आणि कोट माझ्याच शिंप्याचा दिसला पाहिजे."

"येत्या रविवारी कुठे बोलताय?"

पेटिफर लंडनात ज्या चर्चमध्ये पाहुणे म्हणून प्रवचन देत, त्याचं नाव त्यांनी सांगितलं. फिच खरोखरच आला आणि मागच्या बाकावर बसला. त्या दिवशी प्रवचनाचा विषय होता नम्रता. समासात जिथे 'येथे थांबावे' असं छापलं होतं तिथे पेटिफर थांबले, जिथे 'रुमाल' असं होतं तिथे त्यांनी रुमाल काढला. सज्जातल्या दोन बायका रडल्या. फिच गालावर हात ठेवून नुसता बघत होता.

पुढच्या आठवड्यात पेटिफर पत्रा पाहायला गेले तेव्हा फिच म्हणाला, "फार शोधलं, साहेब. केस न्हाव्याचे, कंबर पट्ट्याची, पोटऱ्या लोकरीच्या, प्रवचन दुकानातलं. तुमचं स्वतःचं म्हणून काही हाताला लागेना."

"सगळं उत्तम दुकानातलं आहे," पेटिफर म्हणाले. ही तारीफच आहे, असं त्यांना वाटलं.

"दिसतंच आहे. शेवटी ही अंगठी सापडली."

पेटिफरांच्या उजव्या हातात जांभळ्या खड्याची ठसठशीत अंगठी होती. जांभळा रंग बिशपांचा. आपण उद्या बिशप होणारच, तर बोटाला आतापासून सवय असावी, असा त्यांचा विचार.

पत्र्यावर चित्र असं होतं. व्यासपीठावर एक डौलदार पाद्री लोकांकडे पाठ करून उभा आहे आणि उजव्या हातातल्या मोठ्या आरशात पाहतो आहे. हातात अक्रोडाएवढ्या खड्याची अंगठी. खाली सगळे गाढ झोपलेत. एक शिंपी तेवढा जागा आहे, तो पाद्र्याच्या पाठीचं माप घेतोय. शेजारी ठिगळं लावलेला नायब पाद्री धन्याच्या कोटाची शेपटं धुळीला लागू नयेत म्हणून उचलून उभा.

"कंबर छान आली आहे," पेटिफर म्हणाले. "पण आरसा कोरा का? माझा चेहरा कुठे?"

फिचने मान खाली घातली. "एवढ्या मोठ्या आरशातही तुमचं रूप मावेना, साहेब. लोक अंगठीवरून ओळखतील."

हे पेटिफरांना पटलं. त्यांनी अंगठी पत्र्यावर नीट पाहून घेतली, उजव्याच हातात आहे ना याची खात्री केली आणि निघताना दोनदा बजावलं, "रंगीतच छापा हं. साधं नको. साधं चित्र खानावळीच्या भिंतीला शोभतं."

चित्र लागलं त्या सकाळी पेटिफर जांभळट झाक असलेला नवा कोट घालून खिडकीशी पोचले. गर्दी दाटली होती. एक खाटीक दुसऱ्याला सांगत होता, "अरे बघ, बघ! देवाकडे नाही, लोकांकडे नाही, सरळ आरशाकडे!" आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर कोसळत होते. पेटिफरांच्या छातीत गोड धडधड झाली. ते हळूच पुढे सरकले, काचेला पाठ करून उभे राहिले आणि आरसा धरावा तसा उजवा हात त्यांनी सहज वर केला. आता कुणीतरी ओरडेल. आता बोटं दाखवतील.

"ओ साहेब," संत्री विकणारी एक बाई ओरडली, "जरा बाजूला व्हा की! चित्र दिसत नाही."

ते बाजूला झाले. तेवढ्यात गर्दी फोडत रेव्हरंड टफनेल आले. हे पेटिफरांचे कॉलेजातले मित्र आणि लेडी क्वारिंग्टन यांच्या चॅपलवर डोळा ठेवून बसलेल्यांपैकी एक.

"पेटिफर! पाहिलंस का रे?" त्यांचा चेहरा आनंदाने लालबुंद झाला होता. "शेवटी या मेल्यांनी मला गाठलंच!"

"तुला?"

"मग कुणाला? ही पाठ बघ. ही अंगठी बघ." टफनेलनी डावा हात नाचवला. त्यात जांभळा खडा होता. बिशप व्हायची घाई काही एकट्या पेटिफरांनाच नव्हती. "चित्रातही डाव्याच हातात! काय बारीक नजर आहे हरामखोराची! फार लागलं रे मनाला. सहा प्रती घेतोय."

पेटिफरांनी वळून काचेकडे पाहिलं. अंगठी खरंच डाव्या हातात होती. ते दुकानात धावले. दारातच डॉक्टर ग्रिब त्यांना आडवे आले. पिंपासारखे गोल असलेले हे म्हातारे पाद्री काखेत चित्रांची गुंडाळी धरून बाहेर पडत होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, "कंबरेवरून ओळखलं मी लगेच. माझीच."

"बाई, अंगठी उलट्या हातात गेली!" पेटिफर क्रॉपबाईंवर जवळजवळ ओरडलेच.

"पत्र्यावरचं कागदावर उलटंच पडतं. आमच्या मांजरालाही ठाऊक आहे."

"मग आता?"

"आता काय? सकाळपासून चार पाद्री येऊन गेले. चौघंही म्हणतात, हा मीच. असं चित्र मला जन्मात मिळालं नव्हतं. उलटं तर उलटं."

गुरुवारी लेडी क्वारिंग्टन यांच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आडपडद्याच्या मधोमध एक जागा मोकळी ठेवली होती आणि टेबलावर तेच एक चित्र पाच वेळा मांडलं होतं.

"माझ्याकडे पाच पाद्र्यांनी हे चित्र पाठवलंय," बाईसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "प्रत्येकाने लाजत लाजत कळवलंय की हा मीच. आता मी चिकटवू कुणाचं नाव घालून? चला, पाचही जण पुढे या. हात दाखवा."

पाच पाद्री ओळीने उभे राहिले. समोरच्या बायकांनी पंख्यांआड तोंडं लपवली. दोघांच्या हातात अंगठीच नव्हती, ते मागे हटले. टफनेल आणि ग्रिब यांची डाव्या हातात होती.

"पेटिफर, तुमची तर उजव्या हातात. तुम्ही गळलात. बसा जाऊन."

पेटिफरांच्या डोळ्यांपुढून चॅपल गेलं, गुबगुबीत बैठका गेल्या, शेगडी गेली. आणि उरलं काय, तर ग्रिबचं पोट त्या व्यासपीठावर! त्यांना ते सहन होईना.

"नाही!" ते म्हणाले. "छापताना उलटं पडतं, बाईसाहेब! पत्र्यावर ती उजव्याच हातात आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!"



"पत्रा?" बाईसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "पत्रा तुम्ही कुठे पाहिलात?"

अजूनही गप्प बसता आलं असतं. दुसरा कुणी बसलाही असता. पण टफनेल शेजारून पुटपुटले, "सोड ना रे, मी आहे तो," आणि पेटिफरांचा तोल सुटला.

"तू नाहीस! मी आहे! मीच सांगून काढून घेतलंय ते! विचारा त्या फिचला! ही थट्टा माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. मी! मी! तो मीच!" आणि प्रत्येक शब्दाला ते अंगठ्याने स्वतःची छाती ठोकत होते.

आधी कुणीच हसलं नाही. मग बाईसाहेबांनी सुरुवात केली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत कुणी थांबलं नाही.

"अहो पेटिफर," त्या धापा टाकत म्हणाल्या, "हे बाकीचे निदान दुसऱ्याची बदनामी ढापायला आले होते. तुम्ही तर माप देऊन शिवून घेतलीत!"

चॅपल त्या पाचांपैकी कुणालाच मिळालं नाही. ते बिशपसाहेबांच्या पुतण्याला मिळालं. तो त्या वेळी ब्रायटनला समुद्रस्नान करत होता आणि प्रवचनाचं दुकान कुठे आहे हेदेखील त्याला अजून विचारावं लागणार होतं. ईस्टरला सगळी उमरावशाही त्याला ऐकायला जमली आणि शेगडीजवळ छान पेंगली.

क्रॉपबाईंच्या खिडकीत मात्र नवं चित्र लागलं. चार पाद्री मागे, आणि पुढे पाचवा, तोंडाचा आ वासलेला, डोळे बाहेर आलेले, अंगठा छातीवर. या वेळी चेहरा पुरा होता. फिचला खूण सापडली होती. खाली एकच ओळ होती: 'तो मीच!'

आता पेटिफरांना कुठेच सरकून उभं राहावं लागलं नाही. संत्रीवाली त्यांना पाहून छातीवर अंगठा ठोकायची. खाटीक ठोकायचे, कोचमन ठोकायचे. रविवारी व्यासपीठावरून त्यांच्या तोंडून 'मी' असा शब्द आला की सज्जात खसखस पिकायची, आणि दुकानातल्या प्रवचनांत 'मी पापी' हे शब्द जागोजागी असत. शेवटी त्यांनी जाहीर केलं की आपल्याला गावची हवा मानवेल, आणि ते बग्गीत बसून स्लॅकहॅमला निघाले. तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही, एवढाच त्यांना धीर होता.

ते पोचले तेव्हा दुपार कलली होती. डॉर्कस नावाची एक म्हातारी चर्चच्या पायऱ्या झाडत होती. तिने बग्गीतून उतरणाऱ्या माणसाकडे पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "लस्कबाबा! या हो बाहेर. तुमचे धनी आलेत."

जॉब लस्क बाहेर आले. कुणाला तरी पुरून आले होते, त्यांच्या बुटांना ओली माती होती. ते धन्यापुढे वाकले.

"तुम्ही मला कसं ओळखलंत, बाई?" पेटिफरांचा आवाज बारीक झाला होता.

"आता त्यात काय!" म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी नाकाला रुमाल होता, तेव्हा कळलं नव्हतं. एक ठोका मारलात आणि गेलात. पण आता फेरीवाल्याकडून तुमचं चित्र आलंय ना, नावही त्यानेच सांगितलं. खानावळीत चुलीच्या वर लावलंय. सारा गाव बघून आला. इतकी वर्षं आम्ही आपले म्हणायचो, आपला पाद्री दिसतो तरी कसा? कळलं एकदाचं." आणि तिने केरसुणीच्या धुळीने भरलेला अंगठा छातीवर दोनदा ठोकून दाखवला.

लस्क खाली बघू लागले. धन्याला बिचाऱ्याला लाज वाटली असेल, पस्तावा होत असेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. पेटिफरांचा हात सावकाश गळपट्ट्याकडे गेला आणि त्यांनी तो जरा सरळ केला.

"रंगीत आहे," त्यांनी विचारलं, "की साधं?"

"साधं," म्हातारीने झाडू उचलला. "तुमच्यावर रंग कोण वाया घालवणार, बाबा? सरका जरा, पायरी झाडायची आहे."